नळावरचा हात

मीटर बसवायचं की नाही, यावर ‘शिवगंगा’ सोसायटीत सभांवर सभा झाल्या आणि एकही सभा भांडणाशिवाय संपली नाही.

सोलापुरात तोवर घरोघरी पाणी मोजून द्यायचं धोरण आलं होतं, पण जुन्या इमारतींना अजून मुभा होती. हवं त्यांनी मीटर घ्यावं, नको त्यांनी सगळ्या इमारतीचं मिळून एक बिल भरावं आणि ते आपसांत वाटून घ्यावं. वाटून घेणं हे ऐकायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात बिराजदारांच्या दोन माणसांना जेवढं बिल, तेवढंच गड्डमांच्या भरल्या घराला. वरच्या मजल्यावरच्या गड्डम वहिनी गॅलरी पाइप लावून धुवायच्या. पाणी सुटायच्या दिवशी आधीचं भरलेलं पाणी शिळं झालं म्हणून हंडेच्या हंडे मोरीत ओतून द्यायच्या. आणि जिन्यात गाठ पडली की शिवलीला बिराजदारला विचारायच्या, “बिल लई आलंय की ओ यंदा?”

शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायची तिला सवयच होती, आणि वाहता नळ दिसला की मग तो कुणाचाही असो, ती बंद करून यायची. लग्नघरात हात धुणाऱ्या पाहुण्यांनाही तिनं दोनदा सुनावलं होतं. नवरा राजशेखर गमतीनं म्हणायचा, “हिला देवानं चुकून माणूस केलं, करायचं होतं वॉशर.”

तर मीटरसाठी सगळ्यांत जास्त भांडली ती शिवलीलाच. अध्यक्ष मुळे सर पहिल्यापासून कुरकुरत होते. शिवगंगासारख्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक घरात चार-चार ठिकाणी पाइप उतरतात, मग एका घराला किती मीटर लावणार, आणि भिंती कोण फोडणार, हा त्यांचा मुद्दा होता. तो खराही होता. जुनी मीटरं याच कारणानं कुठंच टिकली नव्हती.

नवं मीटर वेगळं होतं. ते पाइपमध्ये बसत नसे, पाइपला बाहेरून बांगडीसारखं अडकवायचं. पाण्याचा दाब वाढला की पाइप केसाच्या शंभराव्या भागानं फुगतो, कमी झाला की आक्रसतो. बांगडी ते फुगणं-आक्रसणं सतत मोजत राहायची. आपण नळ उघडतो तेव्हा पाइपात एक लाट उठते, ती टाकीपर्यंत जाऊन परत येते. मोरीतला नळ जवळ, स्वयंपाकघरातला लांब, म्हणून प्रत्येकाची लाट निराळी. इथवर कुणालाही नवल वाटलं नव्हतं. नवल पुढं होतं. नळ फिरवणारा हातही त्या लाटेत उमटायचा. कुणी झटक्यानं उघडतं, कुणी दोन टप्प्यांत, कुणी आधी थोडा जास्त सोडून मग कमी करतं. अक्षरावरून जसं माणूस ओळखू येतं, तसं मीटरला हातावरून यायचं. त्यामुळं कुठल्या घरानं किती पाणी वापरलं एवढंच नाही, तर घरातल्या कुणी किती वापरलं, तेही बिलावर छापून यायला लागलं.

“म्हणजे आता नवरा-बायकोची भांडणं छापील पुराव्यानिशी,” मुळे सर म्हणाले. सगळे हसले आणि मतदानात मीटर मंजूर झालं.

बसवायला आलेल्या माणसानं बांगड्या अडकवल्या आणि म्हणाला, “आता हातांची नोंद. घरातल्या प्रत्येकानं एकेक नळ दोन-चार वेळा उघडायचा, बंद करायचा.”

शिवलीलानं आपली नोंद दिली. राजशेखर शाळेची बस चालवायचा. त्या दिवशी तो पोरांना घेऊन नळदुर्गच्या सहलीला गेला होता.

“साहेबांसाठी परत यावं लागेल,” तो माणूस म्हणाला. “पण पुढची तारीख आता महिन्यानंतरची मिळेल. तोवर सगळ्यांची नोंद अर्धवट म्हणून जुनंच बिल.”

अजून महिनाभर गड्डम वहिनींचं पाणी आपण भरायचं, ही कल्पनाच शिवलीलाला सोसवेना. “थांबा,” ती म्हणाली, “ह्यांचं मी करते.” आणि आपला हात ओळखू येऊ नये म्हणून तिनं डाव्या हातानं सगळे नळ फिरवले. तो माणूस तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होता. त्यालाही पुढची घरं करायची होती. यात आपण काही वावगं केलं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. लॅबमध्ये उशीर होणाऱ्या मैत्रिणीची सही शिवलीला करायची, राजशेखर डेपोत दोस्ताची हजेरी लावायचा. नवरा घरी नाही म्हणून बायकोनं त्याचं काम उरकलं, एवढंच.

फोनवर मग एक प्रश्न आला. ‘आरोग्य-सहकार्य सवलत हवी का?’ हाताच्या नोंदी विमा कंपनीला दिल्या तर पाणीबिल पाचवा हिस्सा कमी. शिवलीलानं स्वतःसाठी ‘हो’ दाबलं, राजशेखरसाठीही ‘हो’ दाबलं. संध्याकाळी त्याला सांगितलं का? सांगितलं असेल. तो म्हणाला असेल, “तुला बरं वाटंल ते कर.” तो नेहमी तेच म्हणायचा.

पहिलं बिल आलं त्या दिवशी तिनं शिरा केला. गड्डम वहिनींचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता आणि तो स्वतःच्याच लेकाला उद्देशून होता.

काही महिने असे बरे गेले. मग एका सकाळी लॅबला निघताना फोनवर संदेश आला.

‘राजशेखर बिराजदार. नळ हाताळताना हातात सूक्ष्म कंप आढळला. डॉक्टरांना दाखवावे. कंप वाढल्यास नोंद सहकारी विमा कंपनीकडे पाठवली जाईल.’

शिवलीलानं खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि संदेश पुन्हा वाचला. सेकंदाला चार-पाच हेलकावे, असं खाली बारीक अक्षरात होतं. डोळ्यांना दिसणारही नाही इतका हात हलायचा, पण त्यानं नळाची फट कमी-जास्त व्हायची आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या उठायच्या. मीटर त्या सुरकुत्या वाचत होतं. असा कंप कशाचा असू शकतो हे लॅबमध्ये उभा जन्म घालवलेल्या बाईला कुणी समजावून सांगायला नको होतं. मेंदूतल्या एका कोपऱ्यातल्या पेशी हळूहळू विझत जातात. आधी हात, मग चाल, मग बोलणं.

आणि राजशेखरचं पोट हातावर होतं. शाळेच्या बसचा विमा ज्या कंपनीचा, तीच ही सहकारी कंपनी. नोंद तिकडं गेली की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातून स्टिअरिंग जाणार.

तिनं त्याला सांगायला हवं होतं. पण तिनं काय केलं, तर संदेश पुसून टाकला आणि ठरवलं की राजशेखरचा हात मीटरला दिसूच द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तो मोरीत गेला तर बादली भरलेली, तांब्या वर, दात घासायला पेल्यात पाणी.

“हे काय गं? नवरदेव हाय का मी?”

“असू दे की. पहाटेपासून गाडी चालवता तुम्ही. तेवढं तरी करू दे.”

“काय करालीस काय की,” तो म्हणाला, पण खूश झाला.

संध्याकाळी तो येऊन पाय धुवायला वळायच्या आत ती तांब्या घेऊन उभी असायची. जेवण झालं की हातावर पाणी घालायची. शेजारणी बघून तोंडाला पदर लावायच्या. तो टीव्ही बघत बसला की ती त्याच्या हाताकडं बघत बसायची. कधी बोटं हलल्यासारखी वाटायची, कधी नाही. बसमधली पोरं तिच्या डोळ्यांसमोर यायची. ती मनाशी म्हणायची, एवढा कंप म्हणजे काही नाही, वाढला तर बघू. आपण पोरांच्या जिवाशी खेळतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि तरी ती रोज बादली भरत होती.

पण संदेश काही थांबेनात. उलट ते वाढायला लागले. त्याच्या नावावरचं पाणी जवळजवळ संपलं होतं, आणि जेवढं उरलं होतं त्यात कंप दिसत होता. म्हणजे हा माणूस गुपचूप नळाला हात लावतो की काय?

“तुम्ही आज नळ सोडलात?” एका संध्याकाळी तिनं विचारलं.

“नाही.”

“खरं सांगा.”

“अगं, तू लावू देतीस का हात? काय चाललंय तुझं? इतके दिवस बघालोय मी. घरात पाहुण्यासारखा बसलोय.”

ती ओरडली. “तुमचा हात थरथरतोय म्हणून! मीटरला दिसतंय!” आणि मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली. झालं ते सगळं तिला सांगावं लागलं.

राजशेखरनं दोन्ही हात समोर धरले आणि बघितले. बराच वेळ बघितले. “मला तर काय दिसत नाही,” तो म्हणाला. त्याच आठवड्यात विमा कंपनीचं कळवणं आलं आणि बसच्या मालकानं त्याला गाडी उभी करायला सांगितलं.

एका जागी बसायची सवय नसलेला माणूस घरात बसला की घर लहान पडतं. राजशेखर सकाळी बसच्या वेळेला उठायचा, दाढी करायचा आणि खुर्चीत बसायचा. रस्त्यावरून पिवळी बस गेली की आतल्या खोलीत जायचा. पालकांच्या फोनवर बातमी फिरली होतीच. एका बाईनं बाजारात त्याला थांबवून विचारलं, “काका, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का हो?” त्यानंतर त्यानं बाजारात जाणं सोडलं.

आणि मग त्याचा हात खरोखरच थरथरायला लागला. चहाचा कप उचलताना बशीचा आवाज व्हायचा. तो कप खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आवाज. ज्या माणसाला रोज सांगितलं जातं की तुझा हात हलतो, तो हाताकडं बघत राहतो, आणि नुसत्या बघण्यानंही हात हलतो. शिवलीलाला तेव्हा एवढं सुचलं नाही. तिला वाटलं, रोग वाढला.

लॅबमध्येही तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ती उजव्या हातानं सुई घालायची, डाव्या हाताच्या बोटांनी शीर दाबून धरायची. शीर निसटायला लागली होती. एका म्हाताऱ्या बाईचा दंड काळानिळा झाला, तिचा मुलगा येऊन भांडून गेला. “सुया खराब आल्यात या खेपेला,” शिवलीला म्हणाली. लॅबच्या मालकीण फडकुले मॅडमनी ते चालवून घेतलं. घरी नवरा बसलेला आहे, तिला ताण असणार, असं त्यांनी मानलं.

शेवटी राजशेखरची बहीण त्याला अक्कलकोटला घेऊन गेली. चार दिवस हवापालट होईल म्हणाली. तो गेल्यावर घर इतकं शांत झालं की शिवलीलाला अपराधी वाटलं, कारण तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी करायला लागली. उजवा हात पिठानं भरलेला, पाणी कमी पडलं म्हणून तिनं डाव्या हातानं नळ सोडला, बंद केला. फोन वाजला.

‘राजशेखर बिराजदार. स्वयंपाकघर. हातात कंप.’

तिला आधी हसू आलं. माणूस अक्कलकोटात आणि हात इथं! मीटर बिघडलं तर. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. तिनं पुन्हा डावा हात नळावर ठेवला. फोन वाजला. पुन्हा ठेवला. पुन्हा वाजला.

मीटर बिघडलं नव्हतं. घरात दोनच नावं नोंदलेली, म्हणून ते प्रत्येक हात दोघांपैकी ज्याच्या जवळचा वाटेल त्याच्या नावावर टाकत होतं. आणि राजशेखर म्हणून त्याला मुळात ओळख करून दिली होती ती शिवलीलाच्या डाव्या हाताची. नवऱ्यानं नळ सोडले की तेही त्याच नावात मिसळायचे. तिनं त्याचे नळ बंद केल्यावर त्या नावाखाली फक्त ती उरली. ती निसटणारी शीर, तो काळानिळा दंड, सुया नव्हत्या खराब.

तिनं डावा हात ओट्यावर ठेवला आणि वाट बघितली. अंगठा आपल्याआपण हलत होता, अगदी बारीक. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं गॅस बंद केला नाही.

राजशेखरला सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं. स्टँडवर त्याला घ्यायला गेली तेव्हा वाक्यं जुळवूनच गेली होती. पण तो गाडीतून उतरला तोच हसत. कितीतरी दिवसांनी तो हसत होता. मेव्हण्यानं त्याला पलीकडं कलबुर्गीला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं होतं.

“काही नाही गं! काहीसुद्धा नाही. त्यांनी सगळं तपासलं. म्हणले, भीतीनं हलालाय हात, झोप काढा. मीटर खोटं हाय! लेखी दिलंय त्यांनी.”

शिवलीलानं त्याची पिशवी हातात घेतली. तिनं विचार केला, आता सांगायची गरजच काय? मीटर खोटं ठरलं तर ह्यांना बस मिळेल. मीटर गेलं तर माझा हातही कुणाला दिसणार नाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं. सगळं अलगद सुटत होतं, आणि त्यासाठी तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

राजशेखरनं मुळे सरांना गाठून सभा बोलावली. मीटर काढून टाकायचं आणि ते चुकीचं असल्याचं सोसायटीच्या सहीशिक्क्यानं विमा कंपनीला कळवायचं, असा ठराव होता. गड्डम वहिनी सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसल्या होत्या.

राजशेखर उभा राहून बोलला. असा तो कधी बोलत नसे. “माझं काय झालं तुम्ही बघितलंत. पोरं मला काका म्हणत होती ओ. त्यांच्या आया माझ्याकडं बघून बोट दाखवायला लागल्या. एका बांगडीनं सांगितलं म्हणून! माझा हात चांगलाय. डॉक्टरनं लिहून दिलंय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुळे सर म्हणाले, “मी पहिल्यापासून सांगत होतो.” हात वर करायची वेळ आली तेवढ्यात मागून तळमजल्यावरचे कोरे मामा बोलले. हा सूतगिरणीतून निवृत्त झालेला एकटा माणूस. सभेत ते कधी तोंड उघडत नसत.

“माझंबी बरं झालं बघा,” ते म्हणाले. “मलाबी मीटरनं हेच सांगितलं होतं. डॉक्टरनं गोळ्या लावल्या. पण बिराजदारांचं ऐकलं आणि कालपासून बंद केल्या. खोट्या मीटरवर कोण गोळ्या खातंय!”

राजशेखर खुशीत म्हणाला, “बरं केलंत मामा.”

शिवलीला बायकांच्या रांगेत बसली होती. तिनं मामांच्या हाताकडं बघितलं. सगळी सभा ठरावाकडं बघत होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण मामांच्या मांडीवरची टोपी हलत होती. आपण गप्प बसलो तर हा माणूस गोळ्या न खाता घरात एकटाच वाकत जाईल. हे तिला लख्ख दिसलं आणि मग तिला बसून राहता येईना.

“मीटर खरं आहे,” ती उभी राहून म्हणाली. “मामा, गोळ्या सोडू नका. मीटर खरं आहे. हात ह्यांचा नाही, माझा आहे. नोंदीच्या दिवशी हे घरी नव्हते. ह्यांच्या नावावर मी नळ सोडले.”

गड्डम वहिनींनी शेजारणीला विचारलं, “काय म्हणाली?” मग सगळे एकदम राजशेखरकडं बघायला लागले.

तो अजून उभाच होता. “कुठला हात?” त्यानं अगदी हळू विचारलं.

शिवलीलानं डावा हात वर केला. त्यानं तो बघितला. मग डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि जिना चढून वर गेला.

पुढचं सगळं भराभर झालं. नवी नोंद करायला माणूस आला. राजशेखरनं त्याच्यादेखत एकेक नळ उघडला, बंद केला आणि बाहेर निघून गेला. खोट्या नोंदीचा दंड भरावा लागला. दुरुस्ती विमा कंपनीकडं गेली, बसच्या मालकानं फोन केला, पिवळी बस पुन्हा राजशेखरच्या हातात आली. शिवलीलानं स्वतः जाऊन फडकुले मॅडमना सांगितलं. त्यांनी तिला काढलं नाही, पण सुई काढून घेतली. आता ती काउंटरवर बसून रिपोर्टची पाकिटं देते आणि आतल्या खोलीत दुसरी मुलगी रक्त काढते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. फार लवकर कळलं, नशीबवान आहात म्हणाले. मीटर राहिलं. सवलत मात्र शिवलीलानं बंद केली. घरातल्या हातांचं आता फक्त घरच्यांनाच कळायचं. कोरे मामांनी कडक भाकरीचं पुडकं आणून दिलं, आणि दारातूनच परत गेले.

राजशेखर तिला वाईटसाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो दवाखान्यात बरोबर यायचा, गोळ्या आणून द्यायचा. फक्त एकदाच, दवाखान्यातून परत येताना, रस्त्याकडं बघत म्हणाला, “इतके महिने माझ्या हातावर नजर ठेवलीस. एकदा तरी स्वतःच्या हाताकडं बघितलंस का? आणि मला एकदा तरी विचारलंस का गं?”

प्रेमानं केलं, असं म्हणायला तिला तोंड नव्हतं, जरी ते खरं असलं तरी.

आणि त्यानं घरातल्या नळाला हात लावणं सोडलं. आंघोळ तो डेपोवर करून यायचा. पाय तिथंच धुऊन यायचा. प्यायचं पाणी बाटलीत भरून आणायचा. शिवलीला बादली भरून ठेवायची, ती तशीच राहायची, मग दुसऱ्या दिवशी ती त्या पाण्यानं फरशी पुसायची. घरात एक माणूस जेवत होता, झोपत होता, आणि थेंबभर पाणी घेत नव्हता.

पुण्याला एका भाच्याचं लग्न होऊन गेलं, दिवाळी झाली. एका रविवारी दुपारी ती दोघं जेवत असताना तिच्या फोनवर संदेश आला. तिनं वाचला आणि घास ताटात ठेवला.

‘राजशेखर बिराजदार यांचा पाणीवापर आढळत नाही. ते या घरी राहतात का? हो किंवा नाही दाबा. नाही असल्यास त्यांच्या वाट्याचे पाणी कमी केले जाईल.’

“काय आलंय?” त्यानं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं.

राजशेखरनं बाटलीचं झाकण काढलं आणि ताटातच हात धुतला. “दाब की,” तो म्हणाला. “माझ्या वतीनं दाबायची तुला सवयच हाय.”

तिचा अंगठा ‘हो’वर गेलाही होता. एवढी वर्षं ती हेच करत आली होती. त्याची मतं, त्याच्या सह्या, त्याच्या होकार-नकाराची काळजी तिनं वाहिली होती आणि त्याला ती संसार म्हणत होती. तिनं अंगठा उचलला. फोन ताटांच्या मधून त्याच्यापुढं सरकवला.

“नाही,” ती म्हणाली. “हे तुम्ही सांगा. तुम्ही इथं राहता की नाही ते मला माहीत नाही.”

त्यानं चष्मा लावून तो प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. काही दाबलं नाही. मग स्वतःचं ताट उचललं, तिचंही उचललं आणि आत गेला.

शिवलीला पाठमोरी बसून राहिली. आतून भांडी ठेवल्याचा आवाज आला, आणि नळ सुटला.

समोरच्या फोनवरचा प्रश्न आपोआप गेला. त्याजागी ओळ आली. ‘राजशेखर बिराजदार. स्वयंपाकघर. हातात कंप.’

डॉक्टरांनी हात तपासून ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं, आणि तेही खरंच होतं. मग हा कंप कसला, ते मीटरला कळणार नव्हतं. तिला कळलं. ती उठली नाही, मागं वळली नाही. दोन ताटं विसळायला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून गेलं तरी नळ चालूच होता. शिवलीला ऐकत राहिली, आणि बंद करा असं म्हणाली नाही.